भंगारात पैसा कुठं असतो? टनातल्या दहा किलोत

महिन्यातनं दोन-तीन फोन येतातच. कुणाचा तरी भाचा असतो, कुणाचा तरी मित्र, आणि प्रश्न एकच की दादा भंगारचा धंदा चालू करायचाय, किती भांडवल लागतंय आणि किलोमागं किती सुटतात. फोनवर पाच मिनिटांत हे सांगून होत नाही म्हणून एकदाच बसून लिहितोय. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या बाजूला आमचं गोडाऊन आहे, आधी वडील बघायचे आता मी बघतो, लोखंड जास्त, त्याच्या खालोखाल ॲल्युमिनियम-तांबं, आणि थोडा पुठ्ठा-प्लास्टिक.

आधी एक गोष्ट समजून घ्या की आपण काहीही वितळवत नाही. वितळवणारा फौंड्रीवाला (धातू ओतून पार्ट बनवणारा), रोलिंग मिलवाला, कागद मिलवाला. आपण मधले. खाली कचरा वेचणाऱ्या बायका आणि गल्लीतनं ओरडत फिरणारा फेरीवाला, त्याच्यावर कोपऱ्यावरचं छोटं दुकान, त्याच्यावर आमच्यासारखी गोडाऊनं, आणि सगळ्यात वर भट्टी. कागदोपत्री आमच्या कामाला मटेरियल रिकव्हरी म्हणतात. काम काय, तर मिसळून आलेला माल वेगळा करायचा, मापात तोडायचा, गठ्ठे बांधायचे आणि ज्याला जे पाहिजे ते त्याच्या दारात पोच करायचं. गुजरीतल्या सोनारांच्या दुकानातली झाडलोट विकत घेऊन, ती धुऊन, त्यातनं सोन्या-चांदीचे कण काढणारा झारेकरी जे करतो तेच आम्ही टनावारी करतो.

आता हिशोब बघूया, म्हणजे धंदा कळेल. भाव रोज हलतात, त्यामुळं हे आकडे फक्त गणित कळावं म्हणून धरलेले आहेत, हेच भाव समजून उद्या कुणाच्या दारात जाऊ नका.

समजा उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपनं १ टन मिक्स माल काढला आणि तुम्ही तो ३२ रुपये किलोनं उचलला, म्हणजे ३२,००० गेले. तो तसाच, न निवडता, पुढच्या मोठ्या व्यापाऱ्याला दिला तर तो ३४ लावणार आणि माती-तेलापोटी ५ टक्के वजन कापणार. ९५० किलोचे ३२,३०० आले. सुटले ३०० रुपये, त्यात टेम्पोचं भाडंपण निघत नाही.

तोच माल गोडाऊनला आणून दोन माणसं दोन दिवस बसवली. ६०० किलो पोलाद निघालं, ते ३६ नं गेलं, २१,६०० झाले. २५० किलो बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ३८ नं, ९,५००. ४० किलो ॲल्युमिनियम, १४० नं, ५,६००. पितळ-तांबं मिळून १० किलो, ४५० नं, ४,५००. उरलेला १०० किलो म्हणजे माती, तेल, लाकूड, रबर, त्याचा रुपया येत नाही. सगळे मिळून ४१,२००. घेतलेल्या ३२,००० च्या वर ९,२०० आले. त्यातनं मजुरी साधारण २,४००, टेम्पो आणि हमाली २,०००, राहिले ४,८००, आणि ह्यातनं भाडं, लाईट, गॅस कटरचा ऑक्सिजन, बँकेचं व्याज भागवायचं.

आता ह्यातलं ते १० किलो पितळ-तांबं बघा. वजनात एक टक्का आहे. ते जर कुणाच्या लक्षात आलं नाही आणि पोलादाच्या ढिगात गेलं, किंवा संध्याकाळी कुणाच्या डब्यातनं बाहेर गेलं, तर ४,८०० चे थेट ३०० ते ६६० उरतात. म्हणून मी नव्या पोरांना सांगतो की भाव पाडून घ्यायच्या मागं लागण्याआधी निवडणारी माणसं सांभाळा. वडील असताना आमच्याकडं एक मावशी होत्या, मोटरीचं तांबं कुठल्या वजनाच्या कव्हरात असणार हे हातात घेऊनच सांगायच्या. त्यांची रोजी वडिलांनी कधी थकवली नाही, दिवाळीला स्वतः घरी जाऊन बोनस द्यायचे, आणि ते का तसं करायचे हे मला गल्ल्यावर बसल्यावर कळालं.

लोखंडाबद्दल जरा जास्त लिहितो कारण कोल्हापूरचा भंगार धंदा म्हणजे मुळात लोखंडाचा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित एमआयडीसी, सगळीकडं फौंड्र्या, आणि फौंड्रीला भंगार हा कच्चा माल आहे. बाकीच्या गावात माल गोळा करून लांब पाठवावा लागतो, आपल्याकडं गिऱ्हाईक दारात. पण गिऱ्हाईक दारात असलं तरी ते चिकट आहे, आणि ते का चिकट आहे हे समजून घेतलं नाही तर रोज भांडणं होतात.

बऱ्याच जणांना वाटतं भट्टीत टाकलं की सगळं जळून शुद्ध होतं. तसं होत नाही. फौंड्रीतली विजेवरची इंडक्शन भट्टी माल वितळवते, गाळून देत नाही. तुम्ही जे टाकलं त्यातलं बरचसं तसंच ओतकामात उतरतं. क्रोमवाला स्टील चुकून गेला की कास्टिंग कडक होतं, मग मशीनवर टूल तुटायला लागतात. ॲल्युमिनियमचे तुकडे गेले की कास्टिंगला बारीक टाचणीएवढी भोकं पडतात. शिसं तर अगदी थोडं गेलं तरी आतली ग्राफाइटची ठेवण बिघडते आणि पार्टची ताकद जाते. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा गेला तर भट्टीवर पांढरा धूर होतो, तो कामगाराच्या छातीत जातो. एसजी आयर्न, म्हणजे सहज न फुटणारं चिवट बीड, ओतणाऱ्यांना तर मँगनीज पण कमी लागतं. म्हणून प्रेसशॉपमधनं निघालेली सीआरसी, म्हणजे थंड लाटलेल्या, पत्र्याची कात्रण, जी स्वच्छ असते आणि आत काय आहे ते माहीत असतं, तिला साध्या घरगुती पत्र्यापेक्षा चांगला जादा भाव मिळतो. वितळल्यावर दोन्ही लोखंडच, मग हे जादा पैसे कशाचे, तर फौंड्रीवाल्याला रात्री झोप लागावी ह्याचे.

बीड आणि पोलाद ओळखायला मशीन लागत नाही. बिडात कार्बन ३ ते ४ टक्के असतो, ते हातोड्यानं फुटतं आणि फुटलेल्या जागी करडं, दाणेदार दिसतं. पोलाद वाकतं, फुटत नाही. ग्राइंडरवर धरलं तर पोलादाच्या ठिणग्या लांब, उजळ, फांद्या फुटल्यासारख्या जातात, बिडाच्या आखूड आणि तांबूस. एवढं आठ दिवसांत हातात बसतं. स्टेनलेसला मात्र फसायला होतं. लोकांना वाटतं चुंबक लागला नाही म्हणजे चांगला स्टील, पण ३०४ नंबरच्या स्टीलला पण चुंबक लागत नाही आणि २०२ ला पण लागत नाही, आणि ३०४ मध्ये निकेल ८ टक्क्यांच्या आसपास असतं, २०२ मध्ये त्यापेक्षा बरंच कमी, भावात जमीन-अस्मानाचा फरक. इथं धातूत काय किती आहे ते दाखवणारी तपासणीची गन असणाऱ्याकडनं नमुना तपासून घ्या, त्याचे पैसे वाचवू नका.

बोरिंग म्हणजे लेथवरचा बिडाचा चुरा. घेताना स्वस्त दिसतो पण त्यात कुलंट (मशीन गार ठेवायचं पाणी), तेल, पावसाचं पाणी, ज्याचं वजन तुम्ही लोखंडाच्या भावानं घेता आणि विकताना घटीत जातं. मी बोरिंग घेताना मूठभर चुरा रद्दीच्या कागदावर ठेवून दाबून बघतो, कागद किती भिजला त्यावर भाव बोलतो.

हलका पत्रा, सळईचे तुकडे, डबे वगैरे जे इथल्या फौंड्र्यांना नको असतं ते जालन्याकडं जातं, तिथं सळई करणाऱ्या भट्ट्या आहेत, त्यांची इथल्या फौंड्र्यांइतकी कटकट नसते. पण गाडीभाडं बघून मगच बोला, पत्रा फुगीर असतो, गाडी भरलेली दिसते आणि काट्यावर वजनच येत नाही, म्हणून गठ्ठे दाबणारं प्रेस असणाऱ्याचंच तिथं जमतं.

आणि एक गोष्ट जिच्यात मी अजिबात ऐकून घेत नाही ती म्हणजे बंद वस्तू. बंद पाइप, शॉक ॲबसॉर्बर, छोटा सिलिंडर, कंप्रेसर, ह्यात हवा, तेल किंवा पाणी अडकलेलं असतं. तसा तुकडा दीड हजार अंशाच्या रसात पडला की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस कारंज्यासारखा बाहेर उडतो. भट्टीवर उभं असलेलं माणूस मरतं त्यात. एकदा आमच्या ९ टनाच्या गाडीत एक न कापलेला शॉक ॲबसॉर्बर सापडला आणि फौंड्रीनं अख्खी गाडी परत पाठवली. भाडं, हमाली, दोन दिवस, सगळं अंगावर आलं. पण चूक आमची होती आणि त्यांनी केलं ते बरोबर केलं. तेव्हापासून आमच्याकडं प्रत्येक बंद वस्तूला आधी भोक पाडायचं किंवा ती उभी कापायची हा नियम आहे, आणि गॅसची घरगुती टाकी तर घ्यायचीच नाही, रिकामी असो की फुटकी.

तांबं-ॲल्युमिनियमला भाव आहे आणि तसाच धोका पण. ह्यांचे भाव लंडनच्या मेटल एक्सचेंजला आणि डॉलरला बांधलेले असतात, तिथं रात्री हललं की सकाळी आपला ढीग स्वस्त झालेला असतो. नव्यानं माल साठवून भाव वाढायची वाट बघू नये, आला तसा काढावा. वायर जाळून तांबं काढायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे, ती सोडा. पीव्हीसी जळल्यावर निघणारा धूर लई विषारी असतो, शेजारची लेकरं तो हुंगतात, शिवाय जळकं तांबं काळं पडून खालच्या प्रतीत जातं. सोलायचं साधं मशीन येतं, सोललेल्या चकचकीत तांब्याला जो जादा भाव मिळतो त्यातनं मशीनचे पैसे निघतात. ॲल्युमिनियम नव्यानं बनवायला जेवढी वीज लागते त्याच्या जवळजवळ ९५ टक्के वीज भंगार वितळवलं की वाचते, म्हणून ह्याला गिऱ्हाईक कधी तुटत नाही, पण भांडी, खिडकीचं सेक्शन आणि इंजिनचं ओतीव हे तीन ढीग वेगळे ठेवा.

प्लास्टिक थोडक्यात सांगतो कारण माझा हात त्यात कमी. प्लास्टिक ही एक वस्तू नाही, सात-आठ वेगवेगळ्या वस्तू आहेत, बाटलीच्या तळाला त्रिकोणात १ ते ७ आकडा असतो तो बघायचा. पाण्याच्या बाटलीचं पेट पाण्यात बुडतं, तिचं टोपण तरंगतं, त्यामुळं चुरा करून पाण्याच्या टाकीत टाकला की आपोआप वेगळं होतं. पण पीव्हीसी पण बुडतं, आणि पेट वितळायच्या तापमानाला पीव्हीसी जळून सगळा घाणा काळा करतं, म्हणून ते आधी हातानंच वेचावं लागतं. दुधाच्या पिशव्या धुवून वाळवल्या तर चांगल्या जातात, न धुता दोन दिवस ठेवल्या तर वासानं गोडाऊनमध्ये थांबवत नाही. चिप्सच्या चकाकत्या पाकिटाला आमच्याकडं घेणारा नाही. ते अनेक थरांचं असतं आणि थर सुटत नाहीत, आणि हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगा, उगीच घेऊन मागच्या नाल्यात टाकू नका.

चिंधी हा इचलकरंजीचा माल. सुताचं वेस्ट आणि कापडाची कात्रण गॅरेजात आणि मशीनशॉपमध्ये तेल पुसायला जाते, रंगीत वेगळी, पांढरी वेगळी. ज्याची ओळख इचलकरंजीत आहे त्यानं लोखंडापेक्षा हे आधी बघावं, भांडवल कमी लागतं.

पुठ्ठ्याचा शत्रू पाणी. मिलवाले ओल मोजतात आणि कापतात. आमच्याकडं जून ते सप्टेंबर पुठ्ठा जमिनीवर ठेवतच नाही, लाकडी फळ्यांवर ठेवतो. आणि कोल्हापुरात जागा घेताना पहिलं विचारा की २०१९ ला इथं पाणी कुठपर्यंत आलं होतं आणि २०२१ ला कुठपर्यंत. शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता हे सगळ्यांनी बघितलंय. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा आणि ४३ ला धोका, आम्ही ३९ ची वाट बघत नाही, त्याच्या आधीच पुठ्ठा उचलून लांब पाठवतो, मिळेल त्या भावानं. लोखंड पाण्यात राहिलं तर गंजतं, पुठ्ठ्याचा लगदा होतो.

आता पैशाचं. ह्या धंद्यात तोटा होऊन बंद पडणारे मी कमी बघितलेत, नफ्यात असून पैसे अडकून बंद पडणारे जास्त. फेरीवाल्याला संध्याकाळी रोख द्यावीच लागते, त्याची चूल त्यावर पेटते. फौंड्री मात्र ४५ दिवसांनी देते, कधी ६०. रोज फक्त १ टन माल, टनाला ३५,००० धरा, ४५ दिवसांत कामाचे ३९ दिवस, म्हणजे १३ लाख ६५ हजार रुपये तुमचे कायम बाहेर. ही रक्कम धंदा बंद केल्याशिवाय हातात येत नाही. भांडवल किती लागतं ह्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे, जागा आणि काटा नंतर. इथं कुणीतरी सांगेल की छोट्या उद्योगाला ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला पैसे देईपर्यंत इन्कम टॅक्सला तो खर्च धरता येत नाही. कायदा खरा आहे, पण नुसत्या व्यापाऱ्याला त्याचा फायदा मिळत नाही, म्हणून उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करताना आपलं काम कशात बसतंय हे सीएशी बोलूनच ठरवा.

जीएसटी सोपा करून सांगतो. धातूच्या भंगारावर १८ टक्के. १० ऑक्टोबर २०२४ पासून नियम असा की नोंदणी नसलेल्या माणसाकडनं, म्हणजे फेरीवाला किंवा कोपऱ्यावरचं दुकान, धातूचं भंगार तुम्ही नोंदणी असलेल्यानं घेतलं तर त्याच्या वतीनं कर तुम्ही भरायचा. १ लाखाची खरेदी झाली की १८,००० तुम्ही रोखीनं सरकारला भरायचे, जुन्या क्रेडिटमधनं, म्हणजे आधीच्या खरेदीवर दिलेल्या कराच्या वजावटीतनं, वळते करता येत नाहीत. नंतर तेच १८,००० तुम्हाला क्रेडिट म्हणून मिळतात आणि विक्रीच्या करातनं वजा होतात. म्हणजे पैसे बुडत नाहीत, अडकतात. आणि फौंड्रीबरोबरचा व्यवहार अडीच लाखाच्या वर असेल तर ती २ टक्के जीएसटीचा टीडीएस कापून ठेवणार, तो तुमच्या पोर्टलवरच्या खात्यात जमा होतो, तो तिथनं उचलायला विसरू नका, आमच्या ओळखीतल्या एकाचे वर्षभराचे तसेच पडून होते.

सगळ्यात जपायचं ते बिलाला. ह्या धंद्यात माल न देता नुसतं बिल विकणारे लोक आहेत. आमचं झालं ते सांगतो. एका व्यापाऱ्याकडनं माल घेतला, माल खरा, काट्याची पावती खरी, पैसे बँकेतनं दिले. दीड वर्षानं नोटीस आली की त्यानं पुढं कर भरलाच नाही आणि त्याची नोंदणी पण रद्द झाली, त्यामुळं तुम्ही घेतलेलं क्रेडिट परत करा, वर १८ टक्के व्याज. सहा महिने मी दुसरं काही केलं नाही. आता नवीन माणसाचा माल घेताना कराची रक्कम मी लगेच देत नाही, पोर्टलवर त्याचं बिल दिसलं आणि त्यानं रिटर्न भरलं की मग देतो. जुन्या लोकांना राग येतो, येऊ दे. गाडी सोडताना काट्याची पावती, गाडी नंबरचा फोटो, ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाईन परवाना) हे सगळं एका फाईलला. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर माल असेल तर ई-वे बिल लागतं.

चोरीचा माल. मॅनहोलचं झाकण, वीज कंपनीची तार, रेल्वेचं काहीही, शेतातल्या मोटरीची नवी वायर, हे घेऊन कुणी आलं तर दारातनंच परत. चोरीचा माल माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मधला गुन्हा आहे, आणि रेल्वेच्या मालासाठी १९६६ चा वेगळा कायदा आहे. आणि कायद्याचं सोडा, ज्याची मोटर गेली तो कुणीतरी करवीर-हातकणंगल्याचाच शेतकरी असतो, ऊस वाळतो त्याचा. आमच्याकडं वही आहे, नाव, आधारची झेरॉक्स, मालाचा फोटो, वेळ. एवढं मागितलं की चोरटा दुसऱ्यांदा येत नाही.

गाडीच्या बॅटऱ्या आणि ई-वेस्ट, म्हणजे कॉम्प्युटर, मोबाईल, सर्किट बोर्ड, ह्यात भाव दिसतो म्हणून हात घालू नका. दोन्हीला २०२२ चे वेगळे नियम आहेत आणि माल नोंदणीकृत रिसायकलरकडंच जायला पाहिजे. मागच्या बाजूला बॅटरी फोडून शिसं काढणं म्हणजे आपल्याच माणसांच्या रक्तात शिसं घालणं. प्रदूषण मंडळाची संमती तुमच्या कामाला लागते का आणि कुठल्या वर्गात, हे जागेचा करार करायच्या आधी विचारा.

शेवटी माणसांबद्दल, कारण ह्याबद्दल कुणी फोनवर विचारत नाही. हा अख्खा धंदा उकिरड्यावर वाकलेल्या बायकांच्या पाठीवर उभा आहे. पुण्यात १९९३ ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, त्या नावातच आपला सगळा माल आला बघा, आणि त्या बायकांनी ओळखपत्र मिळवलं, हक्क मागितले. आपल्याकडं अजून लई जणींना दुकानदार वजनात मारतो. १० किलोला पाव-अर्धा किलो खाल्ला तर दुकानदाराला रोज जाणवत पण नाही, पण तिच्या घरात ती भाजी असते. काटा इलेक्ट्रॉनिक घ्या, वैधमापनचा, म्हणजे काटे तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का दरवर्षी मारून घ्या, आणि आकडा तिला दिसेल असा तिच्याकडं तोंड करून ठेवा. निवडणाऱ्यांना जाड हातमोजे, बूट, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि हात धुवायला साबण. महिन्याचा खर्च तुमच्या एका जेवणावळीएवढा पण नाही.

तर चालू करायचंच असेल तर एकच माल धरा, दोन नको. सहा महिने टेम्पो भाड्यानं घ्या, विकत घेऊ नका. आणि गाळा बघायच्या आधी तीन महिने कुणाच्या तरी गोडाऊनला ढिगावर बसून निवडायचं काम करा, पगार मिळो न मिळो. आमच्याकडं यायचं असेल तर सकाळी साडेआठला पहिली गाडी उतरते, जुने कपडे घालून या.